पाकळ्या मोजताना



या व्याख्यानमालेत डॉक्टरला बोलावलं की विषय बहुधा मधुमेह असतो, नाहीतर गुडघे. यंदा चिटणीस घरी आले आणि म्हणाले, "डॉक्टर, औषधांचं नको, तुमच्या फोटोंचं बोला. फुलांत गणित असतं म्हणता ना, त्याचं." मी हो म्हणालो. पण आज पडदा नाही, प्रोजेक्टर नाही, एकही फोटो मी आणलेला नाही. का आणला नाही, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

फोटोचा नाद मला आजीमुळे लागला. आमचं घर जैनांचं. आजी झाडावरचं फूल तोडू द्यायची नाही. "पडलेलं उचल," म्हणायची. लहानपणी याचा राग यायचा. बीएचएमएस होऊन दवाखाना थाटला, चार पैसे जमल्यावर जुना कॅमेरा विकत घेतला, तेव्हा लक्षात आलं की फूल न तोडता घरी न्यायची ही एकच युक्ती आहे. तेव्हा रोलमध्ये ३६ फोटो निघत. रोल धुवून प्रिंटा येईपर्यंत आठवडा जायचा आणि त्यातल्या तीसेक प्रिंटा धूसर असायच्या. सौ. म्हणायची, एवढ्या पैशांत कुंड्या आल्या असत्या.

गणित शिरलं ते सूर्यफुलाच्या वाटेनं. आपल्या जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या काळ्या जमिनीत सूर्यफुलं होतात. तिकडून येताना एकदा बांधावर गाडी थांबवली आणि एका फुलाचा अगदी समोरून फोटो घेतला. घरी बघताना दिसलं की बियांच्या रांगा मध्यापासून बाहेर वळत जातात, काही डावीकडे, काही उजवीकडे. शेतात उभं राहून त्या मोजता येत नाहीत. वारा असतो, मधमाश्या असतात, विसाव्या रांगेला आपणच चुकतो. फोटो मोठा छापून घ्यायचा आणि लाल-हिरव्या स्केचपेनांनी एकेक रांग गिरवत आकडे घालायचे. कॅमेरा मात्र फुलाच्या बरोबर समोर हवा. थोडा तिरपा धरला तर वळसे लांबतात आणि बाहेरच्या कडेला रांगा एकमेकींत मिसळल्यासारख्या वाटतात. ऊन सकाळचं, कलतं हवं, कारण दुपारच्या उन्हात बिया चपट्या दिसतात.

त्या फुलात एका बाजूला ३४ रांगा निघाल्या, दुसऱ्या बाजूला ५५. हे आकडे १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५ अशा माळेतले आहेत. मागच्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे पुढचा आकडा. जग याला फिबोनाचीची माळ म्हणतं. पीसा गावच्या या इटालियन गणितज्ञानं १२०२ साली आपल्या ग्रंथात ती सशांच्या जोड्यांच्या कोड्यातून मांडली.

आपण साहित्याची माणसं, म्हणून इथं थोडा थांबतो. ही माळ आपल्याकडे सशांतून आली नाही, छंदातून आली. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. चार मात्रा भरायच्या असतील तर किती तऱ्हा होतील? दोन गुरू. गुरू-लघु-लघु. लघु-गुरू-लघु. लघु-लघु-गुरू. चार लघु. झाल्या पाच. तीन मात्रांच्या तऱ्हा तीन, दोन मात्रांच्या दोन. कारण सोपं आहे. ओळीचं शेवटचं अक्षर लघु असेल तर त्याआधी एक मात्रा कमी भरायची, गुरू असेल तर दोन कमी. म्हणून मागच्या दोन उत्तरांची बेरीज. आठ मात्रांचा गण घेतला तर ३४ तऱ्हा, म्हणजे माझ्या सूर्यफुलातला आकडा. आचार्य हेमचंद्रांनी हा नियम 'छंदोनुशासन' ग्रंथात सुमारे ११५० साली, म्हणजे फिबोनाचीच्या पन्नासेक वर्षं आधी, सांगितला आहे. त्यांच्याही कित्येक शतकं आधी विरहांकानं तो दिला होता. हेमचंद्र आमचे जैन आचार्य, त्यामुळे हे वाचलं तेव्हा माझी छाती किती फुगली ते विचारू नका.

पण म्हणून आपल्या पूर्वजांना सूर्यफुलाचं गणित ठाऊक होतं, असं कुणी म्हणू लागलं तर ते खोटं आहे. सूर्यफूल मुळात अमेरिकेतलं. हेमचंद्रांनी ते पाहिलंही नसणार. त्यांना ओळी मोजायच्या होत्या आणि त्यांनी त्या अचूक मोजल्या. तेवढं पुरेसं मोठं आहे.

फुलात हे आकडे का येतात, याचा उलगडा अलीकडचा आहे. वाढत्या टोकाशी नवा अंकुर फुटतो तो आधीच्या अंकुरांपासून जिथं सर्वात मोकळी जागा असेल तिथं. मग तो आपल्या आधीच्यापासून साधारण १३७.५ अंशांवर येतो आणि त्याच कोनानं एकेक बी मांडत गेलं की वळसे आपोआप त्या माळेतल्या संख्येचे होतात. १९९२ साली दुआदी आणि कूदे या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी तेलाच्या बशीत चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक वेळानं सोडले. एकमेकांना दूर ढकलणाऱ्या त्या थेंबांनीही सूर्यफुलासारखेच वळसे मांडले. थेंबाला ना बी, ना पान, ना गणित.

इथपर्यंत सगळं छान होतं. पुढं मी बिघडलो.

मला ही माळ सगळीकडे दिसू लागली. शाळाशाळांतून मी स्लाइड दाखवत हिंडलो. जास्वंदीच्या पाकळ्या ५, लिलीच्या ३, कॉसमॉसच्या ८, अननसावरच्या रांगा ८ आणि १३. नॉटिलस नावाच्या शंखात सुवर्णप्रमाण आहे, असंही ठासून सांगायचो. ते मी स्वतः कधी मोजलं नव्हतं. सुवर्णप्रमाणाची सर्पिल रेषा एका पूर्ण फेऱ्यात जवळजवळ सातपट रुंदावते आणि नॉटिलसचा शंख साधारण तिप्पट. पट्टी घेतली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. पण टाळ्या पडत होत्या.

एका शाळेत कार्यक्रम संपल्यावर आठवीतली एक मुलगी ओंजळ धरून आली. ओंजळीत पारिजातक होता. म्हणाली, "डॉक्टर, याला सहा पाकळ्या आहेत. याला सात. सहा-सात तुमच्या माळेत नाहीत ना?"

मी काय बोललो ते तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "बाळ, ती फुलं नीट वाढलेली नाहीत. एखाद्या फुलात विकृती असते." ती "बरं" म्हणाली आणि ओंजळ मिटून गेली.

पारिजातकाला पाच ते आठ पाकळ्या असतात आणि सहा-सात सर्रास असतात. मोहरीला चार, एक्झोराला चार. समुद्रकाठच्या सुरूची खवल्यांसारखी पानं वळसे घेतच नाहीत, ती कड्यासारखी एका पातळीवर बसतात. तुळशीची पानं दोन-दोनच्या जोड्यांनी, एकीवर दुसरी काटकोनात. हे सगळं मला ठाऊक होतं. त्याहून वाईट म्हणजे त्यांचे फोटो माझ्याकडे होते. संगणकात मी एक कप्पा केला होता, नाव 'नापास'. पारिजातकाच्या फोटोंतली पाच आणि आठ पाकळ्यांची फुलं स्लाइडमध्ये गेली होती, सहा-सातची 'नापास'मध्ये.

हा रोग माझ्या एकट्याचा नाही. वर्दिंग्टन नावाचे एक इंग्रज पदार्थवैज्ञानिक होते. पाऱ्याचा किंवा दुधाचा थेंब खाली पडून फुटतो तो क्षण अंधारात ठिणगीच्या उजेडात बघायचा आणि डोळ्यांत उरलेलं चित्र कागदावर उतरवायचं, असं काम त्यांनी वीसेक वर्षं केलं. चित्रं सुरेख होती. थेंबाचा मुकुट, सगळे काटे सारख्या अंतरावर. १८९४ साली त्यांना त्याच क्षणाचे फोटो घेता आले. फोटोत मुकुट वाकडे, काटे कमी-जास्त. मग त्यांनी आपली जुनी चित्रं काढून पाहिली. वेडीवाकडी चित्रं त्यांनी तेव्हाही काढली होती, पण तो थेंबच चुकला असावा असं धरून ती छापायची नाहीत असं ठरवलं होतं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं, हा त्यांचा मोठेपणा. त्यांना कॅमेऱ्यानं सुधारलं. माझ्या हातात कॅमेरा असून मी फोटोंची निवड करून तीच चूक केली.

त्या रात्री मी 'नापास' कप्पा उघडला. त्यात एक सूर्यफूल होतं. त्याच्या रांगा २९ आणि ४७. वर्षापूर्वी "मोजण्यात चूक" असा शेरा मारून मी ते टाकून दिलं होतं. पुन्हा छापून पुन्हा मोजलं. २९ आणि ४७च. मग वाचायला लागलो. १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ अशीही एक माळ आहे, नियम तोच, फक्त सुरुवात वेगळी. तिला ल्यूकाची माळ म्हणतात आणि काही सूर्यफुलं तिच्या वाटेनं जातात. अ‍ॅलन ट्युरिंग हे संगणकशास्त्राचे आद्य पुरुष. तेही शेवटच्या वर्षांत वनस्पतींतल्या या वळशांवर काम करत होते. त्यांच्या जन्मशताब्दीला, २०१२ साली, मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयानं सामान्य लोकांकडून सूर्यफुलं लावून, मोजून घेतली. ६५७ फुलांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बहुसंख्य फुलं फिबोनाचीची होती, काही ल्यूकाची आणि काही कुठल्याच माळेत न बसणारी. त्यांनी तीही छापली. माझ्या टाकलेल्या फोटोत माझ्या निवडलेल्या फोटोंपेक्षा जास्त गणित होतं.

आता दवाखान्याचं सांगतो. सांगावं की नाही यावर घरात वाद झाला.

तीसेक वर्षं मी असं धरून चाललो होतो की परत न आलेला रुग्ण म्हणजे बरा झालेला रुग्ण. बरे झालेले पेढे घेऊन येतात, ते लक्षात राहतात. 'नापास' कप्पा उघडल्यानंतर मला झोप लागेना. मी एका वर्षाचे केसपेपर काढले आणि न परतलेल्यांना एकेक फोन लावायला सुरुवात केली. काही खरंच बरे होते. कितीतरी जण दुसऱ्या डॉक्टरकडे गेले होते. एका बाईंना मी खोकल्यासाठी दोन महिने औषध दिलं होतं. फोन त्यांच्या मुलानं घेतला. त्यांना क्षय निघाला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला तेव्हा कळलं. उपचार झाले, बऱ्या झाल्या, पण अंगावर फार काढलं गेलं होतं. मुलगा शांतपणे म्हणाला, "आई म्हणाली होती, डॉक्टरांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल."

छातीचा तो फोटो मी आधी काढायला लावायला हवा होता. फुलांचे हजारो फोटो काढणाऱ्या माणसाला तो एक सुचला नाही. दोन आठवड्यांपुढचा खोकला असेल तर आता मी आधी तपासणीला पाठवतो, माझं औषध मग. आणि केसपेपरवर एक रकाना वाढवला आहे, 'पुढं काय झालं'. तो भरायला एक मुलगी ठेवली आहे, ती फोन करते. आकडे पूर्वीइतके सुखाचे नाहीत.

पाठशाळेत स्याद्वाद शिकलो होतो. एका बाजूनं पाहिलेलं पूर्ण नसतं, हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुण मिळवले. ते स्वतःच्या कॅमेऱ्याला लावायला साठी यावी लागली.

किल्ल्यातल्या कमल बस्तीत तुम्ही सगळे गेला आहात. १२०४ सालचं हे काम. छताला दगडाचं कमळ आहे, त्याच्या ७२ पाकळ्या, भूत-वर्तमान-भविष्यातले प्रत्येकी २४ तीर्थंकर. फरशीवर पाठ टेकून मी त्याचा फोटो घेतला आहे. १२०२ ला फिबोनाचीचा ग्रंथ, १२०४ ला आपलं कमळ! पूर्वीचा मी असतो तर यावर एक अख्खी स्लाइड केली असती. पण ७२ त्या माळेत नाही आणि असायचं कारणही नाही. झाडाचा आकडा जागा भरताना येतो. शिल्पकाराच्या मनात आकडा आधी असतो, मग तो परीघ वाटून घेतो. मला आता दोन्ही आवडतात, पण वेगवेगळ्या कारणांनी.

त्या मुलीला शोधायला मी शाळेत गेलो. तोवर तीन वर्षं उलटली होती. ती दहावी होऊन घरच्यांबरोबर पुण्याला गेली होती. बाईंकडे सहा पाकळ्यांच्या पारिजातकाचा एक मोठा फोटो देऊन आलो, मागं माझी चूक लिहून. तो तिला पोचला की नाही, कळलं नाही.

संगणकातल्या त्या कप्प्याचं नाव नातीनं बदलून 'राहिलेले' असं केलं आहे. आता पारिजातकाच्या दिवसांत आम्ही दोघं पहाटे दवाखान्यामागच्या झाडाखाली पांढरं धोतर पसरतो आणि पडलेलं प्रत्येक फूल मोजतो. एकही गाळत नाही. तिचं म्हणणं आहे की ओल्या दिवसांत सहाची फुलं जास्त पडतात. मला अजून तसं वाटत नाही, दोन मोसमांचीच नोंद आहे. कुणाला मोजायला यायचं असेल तर जरूर या, कॅमेरा नसला तरी चालेल. फक्त सहाच्या आत या. नंतर शेजारच्या काकू देवासाठी फुलं वेचून नेतात.