ज्याच्याकडे झोपडीही नाही



घरांचा प्रश्न नगररचना आणि नगरप्रशासनाच्या आपल्या अधिवेशनांत नेहमी असतो आणि चर्चा नेहमी चटईक्षेत्रावर येऊन थांबते. एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) किती, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) कुठे वापरायचा, प्रीमियमचा दर काय. या हिशेबात ज्याचे नावच येत नाही, त्या माणसाबद्दल आज मला बोलायचे आहे. मुंबईची उदाहरणे देतो, कारण राज्यातील बाकीच्या महानगरपालिका आज त्याच वाटेने निघाल्या आहेत.

१९८१ च्या ऐन पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरील कुटुंबांना हुसकावून शहराबाहेर पाठवण्याचा निर्णय झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटला म्हणून आपण सारे तो जाणतो. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. मात्र फुटपाथवर वस्ती करण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही. पावसाळा सरेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, कारवाई थांबवली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्यातील तत्त्व वाचावे. नगररचनेच्या विद्यार्थ्यांनी मात्र त्यातील माणसे वाचावीत. हे लोक तिथेच का राहतात, याचे उत्तर त्या निकालपत्रात आहे: काम तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे म्हणून. जाण्यायेण्याचे भाडे आणि वेळ गेला, तर त्यांच्या हाती मजुरी उरत नाही.

हे अंतर आपल्या आराखड्यांत आजही मोजले जात नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना माहुलच्या इमारतींत नेले, तेव्हा कागदावर प्रत्येकाला पक्के घर मिळाले होते. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, हवा श्वास घेण्याजोगी नाही, कामाची ठिकाणे दूर. अखेर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला या कुटुंबांना दरमहा १५ हजार रुपये घरभाडे देण्याचा आदेश द्यावा लागला. माणूस जिथे जगू शकत नाही, त्या घराला आपण परवडणारे घर म्हणू नये.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गेली तीस वर्षे मुंबईचे गृहधोरण झोपडपट्टी पुनर्वसन योजनेभोवती फिरते आहे. जमिनीवर झोपडी आहे, ती ठरावीक तारखेआधीची आहे, तसे कागद आहेत, म्हणून झोपडीच्या बदल्यात मोफत घर. आणि त्याचा खर्च निघावा म्हणून विकासकाला विक्रीसाठी जादा चटईक्षेत्र. तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, मग २००० झाली, मग पैसे भरून २०११ पर्यंतची घरे पात्र ठरली. घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० झाले. प्रत्येक वाढीसाठी लोक झगडले आहेत आणि त्या झगड्याबद्दल मला आदर आहे. पण या साऱ्या रचनेचा पाया एकच आहे: बदल्यात देण्यासाठी काहीतरी बांधलेले हवे. पोटमाळ्यावर भाड्याने राहणारा अपात्र. दादर स्थानकाबाहेर झोपणारा हमाल, पुलाखाली चूल मांडणारे कुटुंब, नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई, यांना तर अर्जाचा नमुनासुद्धा नाही. सर्वांत गरिबाला वगळूनच ही योजना आखली गेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे लोक किती? २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची मोजणी झाली. मुंबईच्या दोन जिल्ह्यांत ५७ हजारांहून अधिक माणसे नोंदली गेली. रात्रपाळीला गेलेली, पोलिसांच्या भीतीने सरकलेली माणसे त्यात येणार नाहीत, हे मोजणी केलेला कोणीही सांगेल. त्याच जनगणनेत याच शहरात साडेचार लाखांहून अधिक घरे रिकामी होती.

एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांसाठी एक निवारा, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१० पासून आपल्यासमोर आहे. मुंबईची लोकसंख्या पाहता सव्वाशेच्या आसपास निवारागृहे हवीत. त्या आकड्याच्या आपण जवळपासही नाही. नागरी संघटनांच्या रेट्यामुळे २०३४ च्या विकास आराखड्यात बेघरांच्या निवाऱ्यासाठी आरक्षणे आली, ही मी मोठी गोष्ट मानतो. पण नकाशावरचे आरक्षण पावसात डोक्यावर छप्पर धरत नाही. ते ताब्यात घेण्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम लागते आणि वॉर्डात ‘आमच्या गल्लीत नको’ म्हणणाऱ्यांपुढे उभे राहणारा नगरसेवक लागतो.

निवारागृह ही पहिली पायरी झाली. पुढची पायरी म्हणजे भाड्याची खोली, आणि तीच आपण काढून टाकली आहे. १९२० च्या दशकात सरकारच्या विकास विभागाने बीडीडी चाळी बांधल्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास. त्या राहणीचे गोडवे मी गाणार नाही. परंतु गावाहून आलेल्या कामगाराला महिन्याचे भाडे भरून तिथे शिरता येत होते. पुढे १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, पागडी आली, खासगी मालकांनी भाड्यासाठी बांधणे सोडले. ती जागा सार्वजनिक संस्थांनी घ्यायला हवी होती; त्या सोडतीने घरे विकू लागल्या. २००८ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) भाड्याच्या घरांची योजना आणली, पण काही वर्षांतच ती मालकीच्या घरांकडे वळली. पनवेलजवळ कोन येथील १६० चौरस फुटांच्या दोन-दोन खोल्या जोडून गिरणी कामगारांना देण्यात आल्या. कामगारांना घर मिळाले याचा आनंदच आहे. भाड्याच्या घरांचा प्रयोग मात्र तिथेच संपला.

तो पुन्हा सुरू करायला आधार आहे: चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांच्या विकासात अल्प उत्पन्न गटासाठी वीस टक्के हिस्सा ठेवण्याची तरतूद आपल्या नियमांत आहे. त्यातील निदान निम्मी घरे विकू नयेत, ती महापालिकेच्या मालकीची राहावीत आणि उत्पन्नाच्या प्रमाणात भाड्याने द्यावीत. देखभालीला पैसा लागेल, वसुली थकेल, हे आक्षेप खरे आहेत. पालिका रुग्णालये चालवते, शाळा चालवते, धरणांतून पाणी आणते. हेही तिला जमेल.

या अधिवेशनाच्या ठरावांत दोन ओळी घाला, अशी माझी विनंती आहे. प्रत्येक महानगरपालिकेने दरवर्षी रात्रीच्या वेळी, संघटनांना सोबत घेऊन, बेघरांची मोजणी करून ती वॉर्डवार जाहीर करावी. आणि निवारागृहांची व भाड्याच्या घरांची रक्कम अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली, अन्यत्र वळवता येणार नाही अशी ठेवावी. नगरसेवकांनो, येत्या अंदाजपत्रकाच्या सभेत हा विषय तुम्ही मांडा. आकडे, नकाशे आणि नियमांचा मसुदा तयार करून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो.