ठपका चालकावर, दोष सेन्सरचा
(शासकीय वाहनचालकांसमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



यंत्रविद्येवर आपणासमोर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि गेल्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयाच्या डिझेल मोटारीबाबत माझ्या हातून जो अन्याय घडला, तो सांगणे मी कर्तव्य समजतो.

गाडीच्या फलकावर पिवळा दिवा पेटला, तिची ओढ कमी झाली आणि एका दुरुस्तीगृहाने ‘पी २४६३’ हा कोड वाचून काजळीचा फिल्टरच बदलावा, असे मोठ्या रकमेचे अंदाजपत्रक दिले. पणजी ते म्हापसा अशा सुमारे १३ किलोमीटरांच्या फेऱ्यांमुळे फिल्टर तुंबला, असे कारण सांगण्यात आले. चालकास खुलासा विचारणाऱ्या ज्ञापनावर सही माझी होती.

आरोप अगदीच निराधार नव्हता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींच्या धूरनळीत काजळी अडविणारा फिल्टर आला. साचलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमानास जाळावी लागते. आखूड फेऱ्यांत ते काम अर्धवट राहते. परंतु फिल्टर किती भरला, हे गाडीच्या संगणकास कळते ते मुख्यत्वे एका दाब-सेन्सरकडून. फिल्टरच्या अलीकडून व पलीकडून दोन बारीक नळ्या त्याकडे येतात आणि दोहोंतील दाबाचा फरक तो कळवितो. तोच खोटे सांगू लागला तर? कोड केवळ तक्रार सांगतो. गुन्हेगार कोण, हे सांगत नाही.

आमच्या चालकांनी ज्ञापनाचे उत्तर लिहिण्याऐवजी गाडी दुसऱ्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने इंजिन बंद ठेवून केवळ चावी फिरविली व स्कॅनरवर आकडा पाहिला. धूर वाहतच नसताना फरक शून्याच्या आसपास हवा. तेथे पाच किलोपास्कल दिसत होते. मग गाडी पूर्ण थंड झाल्यावर, कोणती नळी कोठली याची खूण करून (उलटसुलट जोडल्यास नवाच घोटाळा!) त्याने दोन्ही नळ्या सेन्सरवरून काढल्या. दोन्ही तोंडांवर आता बाहेरचीच हवा. तरीही आकडा हलला नाही. नळ्या निर्दोष ठरल्या. प्लगमध्ये पाणी वा गंज नव्हता, तारा अखंड होत्या. उरला तो सेन्सर.

सेन्सर बदलला, स्कॅनरने त्याचे शून्य संगणकास नव्याने शिकविले, कोड पुसला आणि महामार्गावर गाडी चालवून आकडे पुन्हा पाहिले. फिल्टर जुनाच आहे.

तापमानाच्या सेन्सरची परीक्षा याहून सोपी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पहाटे इंजिन सुरू करण्यापूर्वी सर्व सेन्सरांनी बाहेरच्या हवेइतकेच तापमान दाखवावे. एखादा भलताच आकडा दाखवीत असेल, तर प्रथम त्याची तार व प्लग पाहावा, मग त्यास दोष द्यावा.

ज्ञापन मी मागे घेतले. ते चालक आज येथे उपस्थित आहेत. आपल्या शंका त्यांनाच विचाराव्यात, माझ्यापेक्षा त्यांची उत्तरे अधिक उपयोगी पडतील.