छोट्या गाडीचं मोठं बिल
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही तुम्हीच दिलाय. शाळेच्या सभागृहात आपल्या बॅचतर्फे रेल्वेचं चालतं मॉडेल बसवायचं, असं ग्रुपवर गेले दोन महिने चाललंय. कुणीतरी जर्मन सेटचा फोटो टाकला, कुणीतरी त्याखाली किंमत टाकली, आणि मग ग्रुप एकदम शांत झाला. त्या शांततेनंतर मला फोन आला, ‘अगं, तू हे खेळतेस ना, जरा सांग की हे इतकं महाग का?’

खेळते, हे खरं आहे. वीस वर्षं झाली. नोकरीत दिवसभर कोड लिहायचा आणि रात्री भिंग लावून तीन मिलिमीटरचा जोडा जोडायचा. घरी याला ‘आईचं वर्कशॉप’ म्हणतात. कुर्डुवाडीच्या मुलीला यापेक्षा मोठी पदवी कोण देणार?

आधी किंमत सांगते. 2005 साली कंपनीने मला इंग्लंडला पाठवलं तेव्हा तिथे चांगलं मोठं इंजिन शंभर पौंडांच्या आत मिळायचं, आणि पौंड होता ऐंशी रुपयांच्या आसपास. म्हणजे आठ हजारांच्या आत. आज त्याच दर्जाचं इंजिन दोनशे पौंडांच्या पुढे गेलंय आणि पौंड एकशे दहाच्या पुढे. नुसत्या विनिमय दराने बावीस हजार झाले. वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी धरून ते घरी येईपर्यंत तीस-पस्तीस हजारांचा हिशोब होतो. हे फक्त इंजिन. डबे, रूळ, सांधे, कंट्रोलर अजून आलेलेच नाहीत.

हे का झालं? कंपन्या लुटतात, असं पटकन म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ज्या धंद्यात लूट चालते त्यातले लोक दिवाळखोरीत जात नाहीत. जर्मनीची मार्क्लिन ही या क्षेत्रातली सगळ्यात जुनी कंपनी, 1859 सालची. 2009 मध्ये, स्थापनेच्या दीडशेव्या वर्षी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे दुसऱ्या खेळणी उद्योगाने ती विकत घेतली.

खरं कारण साच्यात आहे. प्लास्टिकचं बॉडी ओतायला पोलादी साचा लागतो, आणि त्याचा खर्च एकदाच पण भरपूर असतो. समजा साचे मिळून पन्नास लाखांचे झाले. एक लाख इंजिनं विकली तर एका इंजिनावर पन्नास रुपये पडतात. पाच हजारच विकली तर हजार रुपये. पूर्वी युरोपात आणि अमेरिकेत घराघरांत मुलांना ट्रेनचा सेट मिळायचा, तेव्हा नग मोठ्या संख्येने खपत. आता मुलं मोबाईलवर आहेत आणि घेणारे साठीचे. ते साठीचे गिऱ्हाईक फार चोखंदळ असतं. त्याला शिडी वेगळी लावलेली हवी, दिवा लागलेला हवा, इंजिनाचा आवाज खराखुरा हवा. म्हणजे नग कमी आणि प्रत्येक नगावर हाताचं काम जास्त. नव्वदच्या दशकात हे हाताचं काम स्वस्तात व्हावं म्हणून ब्रिटनच्या हॉर्नबीसारख्या कंपन्यांनी उत्पादन चीनला नेलं. काही वर्षं ते जमलं. मग तिथलेही पगार वाढले, आणि ते वाढायलाच हवे होते. त्या फॅक्टरीत भिंगाखाली बसणारी बाई काही आपल्या छंदासाठी जन्मली नव्हती.

यात आपली भारताची भर वेगळी. सीमाशुल्काच्या यादीत खेळणी आणि स्केल मॉडेल एकाच शीर्षकाखाली येतात. 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं, आणि 2023 मध्ये 70 वर. दुकानदार जो माल आणतो त्याला ते लागतं. आपल्या खेळणी कारखान्यांना संरक्षण मिळावं हा हेतू होता आणि बाहुल्या, गाड्यांच्या बाबतीत तो समजण्यासारखा आहे. पण हाताने मोजकी मॉडेल करणारे थोडे लोक सोडले तर असली इंजिनं आपल्याकडे कारखान्यात होतच नाहीत. मग हे संरक्षण कुणाला? निवृत्त गार्डसाहेबांनी नातवासाठी घेतलेलं इंजिन आणि जत्रेतली शिट्टी, कायद्याच्या नजरेत दोन्ही एकच.

आता मुद्द्यावर येते. समजा आपण वर्गणी काढली, दीड-दोन लाख जमले, आणि तो जर्मन सेट आणला. काय दिसेल त्यात? आल्प्सचं गाव, लाल डबे, बर्फ. काचेच्या पेटीत ठेवावा लागेल, कारण एक चाक घसरून इंजिन खाली पडलं तर पुन्हा तीस हजार. शिपाईमामांकडे किल्ली राहील. सव्वीस जानेवारीला पाहुणे आले की पाच मिनिटं चालेल. मला हे नको आहे. ज्यांनी तो फोटो टाकला ते समोरच बसलेत, आणि त्यांच्या भावनेबद्दल मला जराही शंका नाही. पण मी याला वर्गणी देणार नाही, हे सगळ्यांसमोर सांगते.

कारण आपली गाडी जगात कुणीच विकत नाही. आपली म्हणजे बार्शी लाईट.

सरांनी भूगोलाच्या तासाला सांगितलं होतं, पण तेव्हा कुणाचं लक्ष होतं? 1897 साली बार्शी रोड ते बार्शी टाऊन हा पहिला टप्पा सुरू झाला. बार्शी रोड म्हणजेच आपलं कुर्डुवाडी. पुढे ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, मिरजेला गेली, सव्वातीनशे किलोमीटर झाली. रुळांतलं अंतर अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ठरवलं की कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, मग रूळ हलके चालतील आणि लाईन स्वस्तात होईल. (याच गृहस्थांनी पुढे विमानातून उडी मारण्याच्या पॅराशूटवर काम केलं. माणूस एका ठिकाणी स्वस्थ बसणारा नव्हता.) 1954 मध्ये सरकारने ही लाईन विकत घेतली. आणि आपल्या डोळ्यांदेखत एकेक तुकडा ब्रॉडगेज झाला, मिरजेकडचा शेवटचा 2010 च्या आसपास.

आता गंमत ऐका. याच कॅलथ्रॉपने 1904 मध्ये इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी लाईन बांधली, आपल्या बार्शीवरचा अनुभव वापरून. लांबी जेमतेम तेरा किलोमीटर. 1934 ला बंदही पडली. तिची मॉडेलं तिकडचे लोक आजही करतात, तिचे नकाशे छापलेले मिळतात. धाकट्या बहिणीचे फोटो घरोघरी आणि थोरलीचा एकही नाही, अशातली गत.

मग करायचं कसं आणि किती पैशांत? इथे आपलं नशीब चांगलं आहे, आणि हे गणित मला फार आवडतं. बाजारात सगळ्यात जास्त चालणारं प्रमाण आहे 1:87. त्याचे रूळ 16.5 मिलिमीटरचे, कारण युरोपातली खरी लाईन 1435 मिलिमीटर. आपलं ब्रॉडगेज 1676, त्याला 19 मिलिमीटरच्या वर रूळ लागतो आणि तसा तयार मिळत नाही. म्हणून भारतातली मोठी गाडी विकतच्या रुळांवर ठेवली की धोतर नेसलेल्या माणसाला लहान मुलाचे बूट घातल्यासारखी दिसते. पण छोटी गाडी? अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला 87 ने भागा. 8.76. आणि 9 मिलिमीटरचा रूळ जगभर मिळतो. पाव मिलिमीटरचा फरक कुणाच्या बापाला दिसणार नाही. इंग्लंडची पेको कंपनी याच मापात नॅरोगेजसारखे दूर दूर स्लीपर असलेले रूळ बनवते.

रूळ विकत घ्यायचे. मोटर आणि चाकंही विकत घ्यायची, त्यात काटकसर करू नये. गचके खात चालणारी गाडी मुलं दोन दिवसांत सोडून देतात. जपानच्या काटो कंपनीच्या ट्रामसाठी केलेल्या छोट्या चालत्या चेसी मिळतात. जगभरचे नॅरोगेजवाले त्यावर स्वतःचं बॉडी चढवतात. मोठ्या तयार इंजिनाच्या तुलनेत किंमत अगदीच थोडी. तिच्यावर बसणारं इंजिन आणि डबे आपण करायचे. कार्डबोर्ड, प्लास्टिकचा पत्रा, आणि जिथे गोल घुमट किंवा रिव्हेट लागतील तिथे थ्री-डी प्रिंट. छोटा प्रिंटर आता मोबाईलच्या किमतीत येतो. एक डबा बिघडला तर पुन्हा छापायचा, खर्च पन्नास-शंभर रुपयांचा.

कंट्रोलर हा माझा प्रांत. आधुनिक पद्धतीत रुळांतूनच वीज आणि निरोप दोन्ही जातात. विजेची दिशा उलटसुलट होत राहते. 58 मायक्रोसेकंदाची अर्धी लाट म्हणजे ‘एक’, 100 किंवा जास्तीची म्हणजे ‘शून्य’. इंजिनातली चिप ते वाचते आणि ‘मला म्हणतायत, मी हळू होते’ असं समजते. ही पद्धत खुली आहे, कुणाच्या मालकीची नाही. कंपनीचं तयार यंत्र घ्याल तर हजारोंनी पैसे जातील. तेच काम आर्डुइनोचा बोर्ड आणि मोटर ड्रायव्हर करतो. त्याचा प्रोग्रॅम फुकट आणि उघडा मिळतो. पण सुरुवातीला मी तेही सांगणार नाही. साधा डीसी करंट, शे-दोनशे रुपयांचा ड्रायव्हर आणि आठवीतल्या पोराने लिहिलेल्या वीस ओळी. गाडी मोडनिंबला थांबली पाहिजे, एवढंच काम. चुकलं तर गाडी बफरला धडकेल. धडकू दे.

आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर या प्रमाणात खरी दोनशे-सव्वादोनशे मीटर जागा बसते. म्हणजे अख्खं स्टेशन बसणार नाही, हे आधीच कबूल करून टाकूया. एक प्लॅटफॉर्म, पाण्याची टाकी, एक वळण, आणि वर्कशॉपची एक बाजू. प्रिंटर धरून साठ-सत्तर हजारांत हे उभं राहतं असा माझा अंदाज आहे. उरलेली वर्गणी दरवर्षीच्या तुटफुटीसाठी ठेवायची.

हे स्वस्त आहे असं मात्र समजू नका. पैशांची जागा वेळ घेणार आहे. एका डब्याला मला चाळीस तास लागतात, मुलांना शंभर लागतील. तयार वस्तूच्या किमतीत दुसऱ्याचे तासच असतात; आपण ते स्वतः भरायचे की नाही, हा आपला प्रश्न. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 पासून लोकांसाठी खुलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी मुलांना घेऊन जरूर जा. तिथे उभं राहिलं की कळतं, एका माणसाचं आयुष्य किती चौरस फुटांत मावतं.

आणि आता ज्यासाठी मी हा माईक मागून घेतला ते. रूळ मिळतील, मोटर मिळेल, कोड मी लिहून देईन. मापं नाहीत. माझ्याकडे फोटो आहेत, पण फोटोत इंजिन तिरकं उभं असतं, आणि डब्यावर माणसं इतकी की डबा दिसत नाही. आषाढीचा तर विचारूच नका. डब्याची उंची किती, पायरी रुळापासून किती वर, आतली बाकं लांबीला होती की रुंदीला, रंग कुठे संपायचा. हे ज्यांच्या हातांना पाठ होतं ते आपले वडील, काका, मामा. वर्कशॉपमधले फिटर, सुतार, पेंटर. आपल्या वर्गात निदान पंधरा जणांच्या घरात तरी रेल्वेचा पास होता. त्यातले किती जण आज आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझे वडील मागच्या वर्षी गेले. त्यांना बोगीची माहिती विचारायची तेव्हा ते ‘चहा घे आधी’ म्हणायचे आणि मग तासभर बोलायचे. त्यातलं जेवढं मी लिहून घेतलं तेवढी अकरा पानं आहेत. ती आज झेरॉक्स करून आणलीत.

तर जर्मन सेटची किंमत विसरा आणि या दिवाळीत घरी जाऊन बसा. सोबत टेप न्या, वही न्या, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. जुन्या ट्रंकेत एखादा ड्रॉइंगचा कागद असेल तर फाडून चुलीत घालण्याआधी फोटो काढून मला पाठवा. नक्की माप आठवत नसेल तर ‘माझ्या छातीपर्यंत यायचं’ हेही चालेल. त्यांची उंची विचारून घ्या, बाकीचं मी काढते.

मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव, घरात रेल्वेत कोण होतं, कुठल्या खात्यात, आणि ते अजून बोलू शकतात का, असे चार रकाने केलेत. जेवणाच्या रांगेत उभं राहण्याआधी तेवढं भरा. बाई, तुमचे मिस्टर गुड्स क्लार्क होते ना? पहिलं नाव तुमचंच लिहिलंय मी.