कॉफीच्या यंत्राचा कडकडाट
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. यंत्राविषयी बोलायला मला उभे केलेत याचे माझे मलाच हसू येते. पण गेल्या महिन्यात आमच्याकडे काय झाले ते शेजारणींनी ऐकलेच आहे. आवाजच तेवढा होता!

आमच्या थोरल्याने पहिल्या पगारातून एस्प्रेसो कॉफीचे यंत्र आणले. पुढे त्याची बदली बंगळूरला झाली. जाताना म्हणाला, "आई, तू करून पीत जा." एके सकाळी बटण दाबले, तो नेहमीची घरघर नाही. पत्र्यावर खडे ओतावेत तसा कडकडाट, आणि कपात थेंब नाही. लेकराच्या पहिल्या कमाईची वस्तू माझ्या हातून मोडली, या विचाराने मला घास गिळवेना. तीन दिवस फोनवर त्याला काही बोलले नाही. दुरुस्तीवाल्याने तर यंत्र न पाहताच नवा पंप आणि साडेतीन हजार सांगितले. आमचे हे म्हणाले, "तू आता हात लावू नकोस."

चौथ्या दिवशी भांडी घासताना माहेरची विहीर आठवली. मोटारीने हवा धरली की पाणी चढत नसे, नुसता मोकळा आवाज. वडील ओरडायचे, "आधी बंद करा, कोरडी चालवू नका!" मग पंपात पाणी भरून पुन्हा सुरू करायचे. म्हटले, इथेही पंपच ना?

मुलीने मोबाइलवर शोधून समजावले. या पंपात विजेच्या वेटोळ्यामध्ये एक लहान दट्ट्या असतो. तो सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो, म्हणून थोडी घरघर असायचीच. आपल्या कुकरात बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार दाब जास्त असतो. इथे कॉफीतून पाणी रेटायला ९ बार लागतो. रेटायला पाणी असले की आवाज जड येतो. हवा शिरली की दट्ट्या मोकळा आपटतो. शिवाय पाणीच त्याला थंड ठेवते. कोरडा चालवला तर खरोखरच जळायचा.

प्लग काढून टाकी पाहिली. पाणी होते! पण आदल्या दिवशी मी ती घासून परत ठेवली, ती नीट बसलीच नव्हती. तिच्या बुडाशी झडप असते, टाकी दाबून बसवल्याखेरीज उघडत नाही. टाकी भरून दाबून बसवली, वाफेच्या नळीखाली भांडे धरले, नळी उघडली आणि पंप चालवला. त्या वाटेने हवा लवकर निघते. थोडा कडकडाट, फुसफुस, मग पाण्याची धार, आणि आवाज एकदम खाली उतरला. मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले.

एवढ्याने भागले नाही तर टाकीतली नळी मुडपली आहे का पाहावे. बोअरच्या पाण्याने क्षारही धरतात. ते पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काढावेत. उलट आवाज फार दबला आणि थेंब पडेना, तर बहुधा कॉफी फार बारीक दळली गेली आहे. हे सर्व पाहूनही खडखड राहिली तर माणूस बोलवावा. आतले झाकण मात्र आपण उघडू नये, विजेचे काम आहे.

रात्री थोरल्याला सगळे सांगितले. तो हसतच सुटला. "अगं आई, पहिल्याच आठवड्यात मीही टाकी अशीच अर्धवट बसवली होती. तू रागावशील म्हणून बोललो नाही."