फाटकासमोरची जागा कोणाची?



मी जबलपूरच्या अधारतालमधून बोलतोय. आमच्याकडे चांगलं फिरायला जायचं म्हटलं की शहराच्या मध्यभागी असलेलं भंवरताल उद्यान आठवतं. एका रविवारी सकाळी तिथे गेलो, जवळच्या गल्लीत गाडी लावली. वरच्या गॅलरीतून आवाज आला, "भाईसाहब, ये हमारी जगह है." फाटकासमोर दोन विटा आणि तुळशीची फुटकी कुंडी ठेवलेली होती, म्हणजे सातबाराच म्हणा ना! मी चडफडत गाडी हलवली.

आता खरं सांगतो. त्याच महिन्यात आमच्या गल्लीत लग्न होतं. वरातीतली एक मोठी गाडी माझ्या फाटकासमोर उभी राहिली, आणि मीही बाहेर येऊन अगदी तेच वाक्य बोललो.

रस्ता कोणाचा, याचं कायद्यातलं उत्तर सरळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहनतळाच्या जागा ठरवायचा अधिकार राज्य सरकारचा किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा. तोही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. त्यात कुंडीला स्थान नाही. फाटक अडवलं तर तक्रार रास्त आहे, कारण घरातून गाडी बाहेर काढता आली पाहिजे. पण फाटकाच्या बाजूचा तुकडा आपला होत नाही.

मग उद्यानाजवळ राहणाऱ्यांनी काय सोसतच राहायचं? दादरच्या शिवाजी पार्कभोवती राहणाऱ्या कोणालाही विचारा. १९२५ साली लोकांसाठी खुलं झालेलं ते मैदान. सकाळी फिरणारे, दुपारी क्रिकेट, संध्याकाळी कट्टा, आणि दसऱ्याला, सहा डिसेंबरला अफाट गर्दी. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यातून आणलं तर गाडी दारापाशी थांबायला नको का?

अमेरिकेत हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. वॉशिंग्टनला लागून असलेल्या आर्लिंग्टनमध्ये ऑफिसला जाणारे लोक वस्तीतल्या रस्त्यांवर गाड्या लावायचे. तिथल्या प्रशासनाने रहिवाशांना परवाने दिले आणि बाकीच्यांना मनाई केली. १९७७ मध्ये न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार आवडते. मनाई फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच एवढीच होती. त्रास ज्या वेळेत, मनाई त्या वेळेत. शिवाय रहिवाशांकडे कामाला येणाऱ्यांनाही परवाना मिळायचा. आपल्याकडे रहिवासी पार्किंग म्हटलं की डोळ्यांसमोर चोवीस तासांची साखळी आणि कुलूप येतं!

आता पैशाचं बघू. एक गाडी साधारण अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब जागा घेते. म्हणजे १३५ चौरस फूट. आमच्या अधारतालला कृषी विद्यापीठ आहे. एवढ्याशा खोलीत दोन विद्यार्थी दाटीवाटीने राहतात आणि दर महिन्याला भाडं मोजतात. गाडी मात्र फुकट झोपते. बेंगळुरूच्या पार्किंग धोरणात रहिवासी परवान्यासाठी लहान गाडीला वर्षाला १००० आणि सर्वांत मोठीला ५००० रुपये सुचवले होते. मोठीचा हिशेब दिवसाला चौदा रुपयांच्याही आत येतो, तरी लोकांना तो जड वाटतो. पुण्यात २०१८ च्या धोरणावर केवढा गदारोळ झाला, ते तुम्हाला आठवत असेल. टोकियोत तर रस्त्याचा प्रश्नच येत नाही. गाडी ठेवायला घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा आहे, असा दाखला आधी दाखवावा लागतो.

माझं मत असं: उद्यानाजवळच्या गल्लीत रहिवासी परवाना जरूर असावा, पण पैसे घेऊन, घरटी एकच, आणि मुख्यतः रात्रीचा. रविवारच्या सकाळी काही जागा बाहेरच्यांसाठी मोकळ्या ठेवाव्यात, त्यांच्याकडून तासाने पैसे घ्यावेत. सायकल आणि दुचाकीवाल्याला सूट द्यावी. उद्यान सगळ्या शहराच्या करातून चालतं. तिथे पोचायचा रस्ता भोवतीच्या शंभर घरांनी अडवला, तर ते त्यांचं खासगी अंगण होईल.

आमचा तलाव राणी दुर्गावतीचा मंत्री अधारसिंह याने बांधवला असं सांगतात. नाव त्याचं लागलं, पाणी मात्र गावाने भरलं.

विटा मीही ठेवत होतो, हे सांगायचं राहिलं. मागच्या आठवड्यात उचलल्या. बायको म्हणाली, "आता ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांची गाडी कुठे थांबवणार, तेही सांगा." अजून सांगता आलेलं नाही.