पट्टकृमि : ओळख आणि उपाय

मूल अंगानें भरेना, रात्रीं दांत खाऊं लागलें, किंवा कोणाची भूक कितीहि जेवून भागेना, कीं घरांतील वडील मंडळी ‘पोटांत जंत झाले असतील’ असा निर्वाळा देऊन मोकळी होतात. पट्टकृमीच्या बाबतींत हा निर्वाळा बहुधा उपयोगी पडत नाहीं. ज्याच्या आंतड्यांत हा कृमि वसतो त्याला पुष्कळदां कसलाच त्रास होत नाहीं. फार तर पोट थोडें दुखतें, मळमळतें, वजन किंचित् घटतें. म्हणून लक्षणांवरून तर्क लढविण्यापूर्वीं हा प्राणी आहे तरी कसा, हें पाहणें बरें.

नांवाप्रमाणें तो फितीसारखा चपटा असतो. इवल्याशा डोक्यानें तो लहान आंतड्याच्या अस्तरास चिकटतो आणि मानेपासून एकामागून एक खंड निर्माण करीत लांबत जातो. त्याला ना तोंड, ना पोट. दुसऱ्यानें पचविलेलें अन्न तो सर्वांगानें शोषून घेतो. गोमांसांतून येणारा टीनिया सॅजिनाटा कित्येक मीटर वाढतो. डुकराच्या मांसांतून येणारा टीनिया सोलियम साधारणतः 2 ते 7 मीटर लांब असतो. या कृमीचे डिंभ मांसांत बारीक पिशव्यांमध्यें दडलेले असतात. मांस नीट न शिजतां पोटांत गेलें, तर सुमारें 2 महिन्यांत पूर्ण वाढलेला कृमि तयार होतो. 1855 सालीं क्यूखेनमाइस्टर या जर्मन वैद्यानें देहान्ताची शिक्षा झालेल्या एका कैद्यास असे डिंभ नकळत खाऊं घातले, आणि मृत्यूनंतर त्याच्या आंतड्यांत कोवळे पट्टकृमि शोधून काढले. प्रयोग निर्दय होता. परंतु मांसांतील पिशवी आणि पोटांतील कृमि यांचें नातें त्यानें उघड झालें.

निदानाचा पहिला धागा बहुधा रोग्याच्याच हातीं लागतो. मळांत किंवा अंतर्वस्त्रावर भोपळ्याच्या बीसारखे पांढरे, चपटे खंड दिसतात. ते किळस येऊन टाकून न देतां, उघड्या हातानें न शिवतां, बाटलींत घालून डॉक्टरांकडे न्यावे. कारण दोन्ही जातींची अंडीं सूक्ष्मदर्शकाखालीं अगदीं सारखीं दिसतात; जात ओळखूं येते ती पक्व खंडांतील गर्भाशयाच्या शाखांवरून. सोलियममध्यें एका बाजूच्या शाखा 7 ते 13 असतात, सॅजिनाटामध्यें सामान्यतः त्याहून अधिक. मळाची एकच तपासणी पुरेशी नसते. निरनिराळ्या 3 दिवशींचा मळ तपासावा लागतो.

पूर्वीं डाळिंबाच्या मुळाची साल किंवा नेच्याचा अर्क देत, आणि मागाहून जुलाब. तो अर्क कृमीप्रमाणें रोग्यासहि विषारी ठरूं शके. आज प्राझिक्वांटेल या औषधाची वजनाच्या दर किलोस 5 ते 10 मिलिग्रॅम अशी एकच मात्रा बहुधा पुरते, निक्लोसामाइडहि चालतें. मात्र हें औषध आपल्या मनानें घेऊं नये. मेंदूंत कृमीच्या पिशव्या असल्यास प्राझिक्वांटेलनें त्या मरूं लागतात, भोंवतालीं सूज येते आणि झटके येऊं शकतात. म्हणून फेफरें किंवा सततची डोकेदुखी असल्यास तें डॉक्टरांना आधींच सांगावें. औषधानंतर 1 आणि 3 महिन्यांनीं मळ पुन्हां तपासावा. डोकें आंत राहिलें तर कृमि पुन्हां वाढतो.

पण मेंदूंत या पिशव्या येतात कोठून? खरा धोका येथेंच आहे. सोलियमचा डिंभ मांसांतून पोटांत गेला तर आंतड्यांत कृमि होतो. परंतु त्याचीं अंडीं पोटांत गेलीं तर डिंभ रक्तावाटे स्नायु, डोळे आणि मेंदू येथें जाऊन बसतात, व अपस्मार उद्भवतो. हिंदुस्थानांत नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांत हा विकार इतका आढळला कीं, 1961 सालीं डिक्सन व लिप्सकम यांनीं 450 रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. 1992 सालीं न्यू यॉर्कमधील सनातनी ज्यू समाजांतील 4 रोग्यांची हकीगत प्रसिद्ध झाली. डुकराचें मांस त्यांना निषिद्ध. तरीहि हा विकार जडला. अंडीं आलीं होतीं तीं बहुधा घरकामास असलेल्या, स्वतःच्या पोटांतील कृमीची वार्ताहि नसलेल्या व्यक्तींच्या हातून.

म्हणजे ‘आमच्या घरांत मांस शिजत नाहीं’ एवढ्या समाधानावर निर्धास्त राहतां येत नाहीं. मांस खाणारांनीं तें आंतपर्यंत शिजवावें. भाजीपाला स्वच्छ पाण्यानें धुवावा. शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वीं साबणानें हात धुण्याचा नियम मालकाला आणि स्वयंपाक्याला सारखाच असावा. घरांतील मुलगा बाहेर जेवून कृमि घेऊन येऊं शकतो, तसाच स्वयंपाकीहि. तो आढळला तर त्याला कामावरून काढून टाकल्यानें कृमि मरत नाहीं. तो दुसऱ्या घरच्या स्वयंपाकघरांत जातो. औषधाची एक मात्रा आणि पुढील दोन तपासण्या यांचा खर्च मालकानें उचलावा, यांतच त्या माणसाचें हित आहे आणि घराचेंहि.