पसंती कुणाची?



आमच्या रायगड जिल्ह्यातल्या मुरुडमध्ये मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पोह्यांच्या बशीपासून सुरू होत नाही. त्याआधी मामा चौकशी करून आलेला असतो. आत्याने फोटो निरखलेला असतो. भावकीतल्या कुणीतरी ‘घर चांगलं आहे’ म्हटलेलं असतं. मुलगी समोर येते, तेव्हा मुलाच्या नजरेत ही सगळी माणसं येऊन बसलेली असतात. मग तो म्हणतो, मला पसंत आहे. ते खोटं नसतं, पण त्याच्या एकट्याचंही नसतं.

आपल्या माणसांच्या डोळ्यांनी जोडीदार पाहावा, यात मला काही गैर वाटत नाही. मला छळते ती आपल्याच माणसांनी पाठ फिरवण्याची भीती.

ही भीती जुनी आहे. आपल्याच गावाच्या नावाचं दुसरं मुरुड दापोली तालुक्यात आहे. धोंडो केशव कर्वे त्या गावचे. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी ठरवलं, लग्न करीन तर विधवेशीच. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी त्यांचा विवाह झाला. गोदूबाई त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेली. एकट्याच्या धैर्याची गोष्ट म्हणून आपण ही सांगतो. पण तिथेही पाठीशी मित्र होता, सुधारकांची संगत होती. हे जोडपं मुरुडला गेलं, तेव्हा गावाने बहिष्कार घातला. पोटच्या मुलाला घरात ठेवून घेणं आईलाही अवघड झालं.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. जातीबाहेर लग्न केलं म्हणून घरं वाळीत टाकल्याच्या तक्रारी आपल्या रायगड जिल्ह्यातूनही झाल्या आहेत. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावकीचा हुकूम त्याने मोडता येतो. पण रुसून बसलेल्या चुलत्याला कायदा मांडवात आणू शकत नाही.

आणि सगळं अडतं ते त्या चुलत्यापाशी. शेजारची घरं दाराआडून पाहत असतात: कोण गेलं, कोण नाही. एक वडीलधारं माणूस हळदीला गेलं की दुसरं घर चपला घालतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची मुलगी आईजवळ मनातलं नाव बोलायला धजते.

तुमच्या पुतण्याने, भाचीने असं जातीबाहेर लग्न ठरवलं असेल, तर हळदीला जा. आणि सगळ्यांच्या आधी जा.